टेम्पोत आवळून बांधलेली स्कूटी वाटेत आडवी का होते?

जून लागला की उदगीर, अहमदपूर, परळी, गंगाखेड अशा चहूबाजूंनी छोटे हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, लातूरकडे निघतात. हौद्यात गादी, कूलर, पुस्तकांची खोकी आणि पोरीला क्लासला जायला घरची स्कूटी. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात, त्यांच्याही बिऱ्हाडात एखादी टीव्हीएस एक्सएल मोपेड नाहीतर जुनी लुना असतेच. दोन्ही हंगामांत गॅरेजला येणारं गाऱ्हाणं एकच: "चांगली आवळून बांधली होती हो मिस्त्री, तरी वाटेत पडली." आरसा गेलेला, ब्रेकचा लिव्हर वाकलेला, डाव्या पॅनेलला चरा, सीटखाली पेट्रोलचा वास, आणि सेल्फ मारला की नुसतं कुंथणं.

मग दोरीला शिव्या. पुढच्या खेपेला माणूस अंगठ्याएवढी जाड दोरी आणतो, चार वेढे जास्तीचे मारतो आणि गाडी पुन्हा आडवी. अशी गाडी आली की मी आधी एवढंच विचारतो, कोणत्या स्टँडवर बांधली होती? उत्तर ठरलेलं असतं. डबल स्टँडवर. घरी अंगणात जशी उभी करतो तशीच.

तिथेच घोटाळा आहे.

डबल स्टँड काय करतो

उभ्या जागी तो भक्कम वाटतो, यात शंका नाही. पण तो दुमडतो कसा ते आठवा. स्टँडवरून गाडी काढायला आपण काय करतो? नुसती पुढे ढकलतो. स्टँडचे पाय मागे जातात आणि मागचं चाक धपकन खाली येतं. त्याला कुठली कडी नाही, खिट्टी नाही. गाडी पुढे गेली की स्टँड निघाला.

आता हीच गाडी केबिनकडे तोंड करून टेम्पोत उभी आहे. गावाच्या तोंडाशी पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. टेम्पो थांबला, पण शंभर किलोची स्कूटी पुढे जायला बघतेच. जोरदार ब्रेकला ती स्वतःच्या वजनाच्या अर्ध्याहून जास्त जोराने पुढे ओढली जाते. स्टँड दुमडतो, गाडी दोनेक इंच खाली बसते, आणि तुम्ही पाय लावून आवळलेली दोरी तेवढीच सैल होते. उरलेलं काम पुढचा खड्डा करतो.

ड्रायव्हर लोकांना हे पटत नाही. "मिस्त्री, आमची हयात गेली यात, आम्ही स्टँडवरच बांधतो." अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा गाडी तिथेच डबल स्टँडवर लावावी आणि म्हणावं, "मामा, मागून एका हाताने ढकला बरं जरा." एका हाताच्या धक्क्याने गाडी स्टँडवरून उतरते. चाळीसच्या वेगातला टेम्पो थांबताना काय होत असेल ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

काही हुशार मंडळी गाडीचं तोंड मागच्या फाळक्याकडे करतात. ब्रेकला ती टिकते, पण मांजरसुंब्याच्या घाटासारखा चढ आला आणि ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला की तोच प्रकार उलट्या बाजूने.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. बहुतेक गिअरलेस स्कूटरचा डबल स्टँड चेसिसला नसून खालून इंजिनच्या केसिंगला बसवलेला असतो. म्हणजे हौद्याचा प्रत्येक दणका स्टँडमधून सरळ ॲल्युमिनियमच्या केसिंगवर. स्टँडची पिन जिथे बसते तो कान एकदा तडकला की नुसता स्टँड बदलून भागत नाही. शिवाय स्टँडचे दोन पाय पत्र्यावर नाचून नाचून हौद्याला खड्डे पाडतात, त्यावरून टेम्पोवाल्याशी भांडण ते वेगळंच.

साइड स्टँडबद्दल थोडक्यात सांगतो. त्यावर बांधलेली गाडी डावीकडेच पडते, कारण डावीकडची दोरी आवळली की सगळा भार त्या एका लोखंडी बोटावर येतो आणि ते वाकतं. तेव्हा दोन्ही स्टँड वर, गाडी दोन्ही चाकांवर.

चाकांवर घेतली, तरी दोऱ्या लोंबतात

ही दुसरी तक्रार जास्त शहाण्या लोकांची. स्टँड काढला, चारी कोपऱ्यांना बांधलं, गाठी पक्क्या मारल्या. औशापर्यंत जाऊन बघतात तर दोऱ्या सैल. गाडी पडली नाही, पण डुलत होती.

इथे दोष स्प्रिंगचा. दोरी गाडीला जमिनीकडे ओढते आणि शॉकअप गाडीला वर ढकलतात. खड्ड्यात आदळताना गाडी खाली दबते, शॉकअप बसतात, आणि त्या क्षणापुरता दोरीतला ताण जातो. ताण गेला की गाठ थोडी सरकते, इंग्रजी एसच्या आकाराचा हूक कडीतून उडी मारतो. पुढच्या क्षणी स्प्रिंग गाडीला वर फेकते, पण आता दोरी आधीपेक्षा लांब झालेली असते. असं शेकडो वेळा झालं की कितीही कसलेली गाठ हरते.

आपल्याकडे रस्तेही त्याला साथ देतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटा धरतो. खड्डा डोळ्याला दिसतो म्हणून ड्रायव्हर हळू घेतो. लाट दिसत नाही, तीवर टेम्पो त्याच वेगात झुलत जातो, आणि आतली स्कूटी वर-खाली, वर-खाली. गाठी सोडायला खड्ड्यापेक्षा ही लाट जास्त वाईट.

इलाज असा की पुढची स्प्रिंग आधीच निम्मी दाबून ठेवायची. एक माणूस हँडलच्या दोन्ही टोकांवर अंगाचा भार टाकून पुढचं तोंड खाली दाबतो, दुसरा त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्या आवळतो. मोकळ्या गाडीच्या हँडलची उंची हौद्यापासून मोजून ठेवा, बांधल्यावर ते दीडएक इंच खाली आलेलं पाहिजे. एवढं दाबलं की खड्ड्यात गाडी आणखी थोडी बसली तरी दोरीत ताण शिल्लक राहतो.

काही जण खटक्याखटक्याने आवळणारा रॅचेटचा पट्टा हातात आला की गाडी पार बुडापर्यंत दाबतात. ते नको. चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या, ऑइल सीलवर सगळा ताण येतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत पुढच्या नळ्यांवर तेल ओघळलेलं दिसतं. ११० सीसीच्या ॲक्टिव्हाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. २०२० मध्ये आलेल्या सहाव्या पिढीपासून तिला मोटारसायकलसारखा टेलिस्कोपिक चिमटा आहे, त्याआधीच्या गाड्यांना पुढे लिंकवाला शॉकअप होता. त्या जुन्या गाड्यांची पुढची दबण्याची चाल कमी असते, तिथे एक इंच दाबलं तरी पुरे.

गिअर नाही, हे विसरू नका

मोटारसायकल टेम्पोत घातली की पहिल्या गिअरमध्ये टाकतात, मागचं चाक आपोआप अडतं. स्कूटरला ती सोय नाही. तिचा क्लच इंजिनच्या फेऱ्या वाढल्या की फेकला जाऊन पकडतो, इंजिन बंद असताना तो सुटलेलाच असतो. म्हणजे बंद स्कूटरचं मागचं चाक कायम मोकळं. हँडल लॉक केलं तरी चाक फिरतच राहतं.

म्हणून दोन गोष्टी. डाव्या हाताचा ब्रेक दाबून ट्यूबच्या पट्टीने ग्रिपला बांधून टाका. कॉम्बी ब्रेकच्या गाड्यांना डावा लिव्हर दोन्ही चाकं धरतो, एवढं एक काम ट्यूबने छान होतं. आणि पुढच्या चाकाच्या पुढे, मागच्या चाकाच्या मागे लाकडाचे ठोकळे. सागाची फळीच हवी असं नाही, बाभळीचा एखादा ओंडका असला तरी चालतो, पण तो हौद्याला खिळ्याने किंवा दोरीने अडकवलेला हवा, नाहीतर तोच पत्र्यावर खेळत बसतो.

पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवणं सगळ्यांत उत्तम. मध्ये जुना टायर उभा धरतात, तेही करू नका असं माझं मत आहे. टायर दबतो, सुटतो, आणि पुन्हा तीच स्प्रिंगची कहाणी. चाक आणि भिंत यांत बारदान्याची एक घडी पुरते.

बांधायची कुठे

मोटारसायकलचं हँडल उघडं असतं, दोरी टाकली की झालं. स्कूटरला हँडलभोवती सगळं प्लास्टिक. म्हणून माणूस जे हाताला लागेल त्याला बांधतो आणि नेमकं तेच तुटतं.

पिशवी अडकवायचा हूक, आरशाची दांडी, पायाजवळच्या फुटबोर्डची प्लास्टिकची कड, मागचा नंबर प्लेटचा पत्रा, यांतल्या कशालाही बांधू नका. हँडलच्या ग्रिपवरून दोरी घेतली तर ती आत सरकून हँडलच्या कव्हरला तडा देते, आणि उजवीकडे ॲक्सिलेटरची केबल ओढून धरते.

पुढची योग्य जागा गाडीच्या तोंडाखाली आहे. पुढच्या मडगार्डच्या वर, दर्शनी पत्र्याच्या खालून हात घातला की चिमट्याचे दोन पाय जिथे एकत्र येतात तो लोखंडी भाग बोटांना लागतो. तिथून एक मऊ पट्टा वळसा घालून बाहेर काढायचा आणि त्याला डावी-उजवी दोरी जोडायची. पट्टा घालताना ब्रेकची केबल, हायड्रॉलिक नळी किंवा वायर त्यात चिमटली नाही ना, ते टॉर्च मारून बघा. बांधून झाल्यावर हँडल दोन्हीकडे थोडं हलवून पाहा, केबल ताणली तर लगेच कळतं. मऊ पट्टा म्हणजे बाजारातलाच हवा असं नाही, जुन्या सीट बेल्टचा तुकडा झकास चालतो.

मागे पकडायचं हँडल धातूचं आणि चेसिसला बोल्टने बसवलेलं असेल तर तिथून दोन दोऱ्या. काही मॉडेलना ते वरून चांदीसारखं चमकतं पण आतून प्लास्टिकच असतं, नखाने टिचकी मारून आवाज ऐका. धातूचं नसेल तर सीट उघडून खालची चेसिसची नळी शोधा.

दोऱ्या सरळ खालीही नकोत आणि पार आडव्याही नकोत. पुढच्या दोन पुढे आणि बाहेर, मागच्या दोन मागे आणि बाहेर, जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत. चारही दोऱ्या गाडीपासून दूर ओढणाऱ्या असल्या की ती कुठेच सरकू शकत नाही. आणि पाचवी, जी जवळजवळ सगळे विसरतात: मागच्या चाकाच्या रिममधून एक दोरी घालून हौद्याच्या दोन्ही बाजूंना आडवी बांधायची. गाडी उभीच राहते पण मागचा भाग घसरून तिरका होतो आणि सायलेन्सर फाळक्याला घासतो, त्या तक्रारीचा इलाज ही पाचवी दोरी.

सायलेन्सरवरून आठवलं. गाडी चालवत आणून लगेच चढवली असेल तर उजवीकडचा पट्टा त्याला टेकू देऊ नका. गरम सायलेन्सरवर नायलॉन वितळतं, आणि तो पट्टा तुटतो तेव्हा आपण पुढे केबिनमध्ये गाणी ऐकत असतो.

दोरी कोणती

आठवडी बाजारात मिळणारी निळी-पिवळी गुळगुळीत प्लास्टिकची दोरी स्वस्त आहे, पण तिच्यात गाठ टिकत नाही आणि उन्हात वर्षभर पडली की ती कुजते, हातात पीळ दिला की भुसा निघतो. नायलॉनची दोरी मजबूत, पण ताणली जाते. सुती कासरा गाठीला चांगला, पावसात भिजला की आवळतो आणि वाळला की सैल पडतो, म्हणून जूनच्या प्रवासाला नको. ट्यूब आणि रबरी हुकांच्या दोऱ्या फक्त आरसे आणि लिव्हर बांधायला, गाडी धरायला कधीच नाही.

पैसे खर्च करायचे असतील तर पॉलिस्टरचे एक इंची रॅचेट पट्टे घ्या, चार. स्कूटरला तेवढे भरपूर होतात. ट्रकवाल्यांचे दोन इंची पट्टे आणले तर ताकद इतकी येते की हात थांबत नाही आणि हँडल वाकतं. रॅचेटची उरलेली शेपटी गुंडाळून गाठ मारून ठेवा, वाऱ्यात फडफडत राहिली तर ती स्वतःच रॅचेट सोडवते.

दोरीच वापरायची असेल तर सुरगाठ नको. ताडपत्री आवळताना ट्रकवाले दोरीच्या मध्यावर पीळ देऊन एक फास करतात, टोक खालच्या कडीतून आणून त्या फासातून ओढतात आणि वर निरगाठ मारतात. त्याने हाताच्या जोराच्या दुप्पट आवळतं. ही गाठ कोणत्याही मोंढ्यात हमालाकडून पाच मिनिटांत शिकता येते, व्हिडिओ बघत बसू नका.

आणि निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबा. चहाला थांबायचंच असतं. पाचही दोऱ्यांना हात लावून बघा, सैल असेल ती आवळा. नवा पट्टा असेल तर तो एकदा बसतोच. त्यानंतर सहसा काही करावं लागत नाही.

चढवताना आणि बसवताना

टाटा एस २००५ मध्ये आला तेव्हापासून मराठवाड्यात सामान हलवायचं म्हटलं की तोच. त्याचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास लांब, रुंदी पाच फुटांना थोडी कमी. ॲक्टिव्हाची लांबी सहा फूट आणि वजन १०६ किलो, म्हणजे एक गाडी सरळ घालून फाळका नीट लागतो. दोन गाड्याही बसतात, पण एकीचं तोंड पुढे आणि दुसरीचं मागे, म्हणजे हँडलला हँडल भिडत नाही. मधे गोधडी किंवा वाकळ दुमडून घाला. दोन गाड्या एकमेकींना बांधू नका, प्रत्येकीच्या दोऱ्या वेगळ्या. एकमेकींना बांधल्या की एक पडताना दुसरीला घेऊनच पडते.

फाळका उघडा ठेवून मागचं चाक बाहेर लोंबकळत न्यायची सवय सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून माल गाडीच्या बाहेर डोकावला तर २० हजारांचा दंड आहे, आणि माल उतरवायचा खर्चही आपलाच. लातूर-पुणे भाड्यापेक्षा तो जास्त पडेल.

चढवायला फळी शोधत हिंडण्यापेक्षा जागा शोधा. शेताचा बांध, शाळेचा ओटा, रस्त्याचा भराव, जिथे हौद्याची उंची आणि जमीन जवळपास जुळते तिथे टेम्पो मागे लावा. फळी लावावीच लागली तर ती आठ फुटांपेक्षा कमी नको, आणि गाडीच्या शेजारी माणसाला चालायला दुसरी फळी. गाडी चालू करून ॲक्सिलेटर देत चढवू नका. गिअरलेसचा क्लच जिथे पकडतो तिथे झटका देतो, पाय फळीवर घसरला की हात नेमका ॲक्सिलेटरवर आवळला जातो आणि गाडी केबिनच्या काचेत. इंजिन बंद, एक जण डावीकडून हँडल आणि ब्रेक धरून, दोघं मागून. उतरवताना मागचं चाक आधी खाली, हात डाव्या ब्रेकवर.

टाकीत पेट्रोल थोडंच ठेवा. मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या हौद्यात उभी असलेली भरलेली टाकी वाफ धरते, आणि गाडी कलंडली तर सगळं गादीवर.

ट्रॉली, इलेक्ट्रिक आणि कार

ऊसतोडीच्या ट्रॉलीचं गणित वेगळं. तिला शॉकअप तर सोडाच, बहुतेकींना पाटेसुद्धा नसतात, रस्त्याचा दणका जसाच्या तसा वर येतो. बिऱ्हाडाच्या वर गाडी ठेवून बांधलेली पाहतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण खाली पोतं दबलं की वरच्या सगळ्या दोऱ्या सैल, आणि बाजूला लेकरं बसलेली. गाडी सगळ्यांत आधी चढवा, ट्रॉलीच्या तळाशी, शेपटाकडे नको, चाकांच्या वर किंवा त्याच्या पुढे. तिथे उसळी कमी असते. ती चारी बाजूंनी लोखंडाला बांधून झाली की मग तिच्या भोवती धान्याची पोती लावा. एक्सएलसारखी गाडी ९० किलोच्या आत असते, दोन माणसं सहज उचलतात, म्हणून तिला हलकं धरलं जातं. आडवी ठेवून नेऊ नका, एवढं तरी पाळा.

इलेक्ट्रिक स्कूटर जड असतात, साधारण ११० ते १३५ किलो, आणि बऱ्याच गाड्यांत वजन फुटबोर्डखाली बॅटरीत असल्यामुळे त्या डुलतात कमी. बांधायची रीत तीच. फक्त फुटबोर्डवरून आडवा पट्टा आवळू नका, खाली बॅटरीचा डबा असू शकतो. आयक्यूबसारख्या गाडीची मोटार मागच्या चाकातच असते, ती बंद पडली म्हणून दोरीने ओढत नेऊ नका. चाक फिरलं की मोटार वीज तयार करते आणि ती कंट्रोलरकडे जाते. उचलून टेम्पोत घाला.

कारच्या मागे रॅक लावून स्कूटी नेण्याचे परदेशी व्हिडिओ दाखवत बरेच जण विचारतात. आपल्या छोट्या कारच्या मागच्या चाकाच्याही मागे शंभर किलो टांगले की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पाण्यावर चालल्यासारखं वाटतं. चाकांचा ट्रेलर लावायचा तर त्याची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते. दोन तासांच्या अंतरासाठी छोटा हत्ती भाड्याने घेणं सगळ्यांत स्वस्त. लांब जायचं तर मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रेल्वेने पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी, बारदानाचं पॅकिंग, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स एवढं लागतं. तिथेही आरसे आधीच काढून घ्या.

पडलीच तर

लगेच सेल्फ मारू नका. गाडी सरळ उभी करून वीसेक मिनिटं तशीच ठेवा. तोवर खाली थेंब पडतायत का बघा, पेट्रोलचा वास येत असेल तर विडी-काडी दूर.

२०२० नंतरच्या इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) बऱ्याच गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी सरळ केली तरी तो अडून राहतो आणि लोक बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसतात. चावी बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. निम्म्या गाड्या इथेच चालू होतात. याच काळातल्या गाड्यांना पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो. आडव्या गाडीतलं पेट्रोल त्यात शिरलं की गाडी चालू होऊन लगेच बंद पडते, असं सारखं होतं. तो डबा काढून वाळवावा लागतो, रस्त्यावरचं ते काम नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. तिथे ॲक्सिलेटर पूर्ण उघडून, चोक न लावता किक मारा. किक नेहमीपेक्षा जड लागली तर जोर लावू नका, इंजिनमध्ये ऑइल गेलेलं असू शकतं. प्लग काढून हळू हळू दोन-चार किका मारा, आत असेल ते बाहेर येईल.

चालू झाल्यावर हँडल तिरकं वाटलं तर लगेच चिमटा वाकला असं समजून खर्चात पडू नका. पुढचं चाक दोन्ही पायांत धरून हँडल सरळ करून बघा, पुष्कळदा दांडी जिथे बसते तिथला बोल्टच फिरलेला असतो. हँडल फिरवताना मध्ये खटका लागत असेल तर मात्र कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांडीचं बेअरिंग, गेलं.

पांढरा धूर पहिल्या पाच-दहा मिनिटांत निघाला तर घाबरायचं कारण नाही, इंजिन ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे गेलेलं असतं, ते जळतं. ऑइलची काडी काढून पातळी बघा, कमी असेल तेवढं भरा. धूर पुढेही थांबला नाही तर फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टर ऑइल प्यायलेला दिसला तर तो पेट्रोलमध्ये धुवून परत बसवू नका, नवाच घाला.